नॅनो-औषधांचे नियम देशोदेशी: माझ्या डेझर्टेशनची हकिकत

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा ‘नॅनोपार्टिकल औषधांच्या नियमनाचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय मी मागून घेतला. शाखा रेग्युलेटरी अफेअर्स, म्हणजे औषधांच्या मंजुरीचे नियम आणि कागदपत्रं. लॅब नको, प्राणी नकोत, एथिक्स कमिटीच्या मागे धावणं नको. वाचायचं आणि तक्ता करायचा. ‘सोपा विषय पटकावलास’ असं दोन सीनियर म्हणालेही. मे २०२४ मध्ये व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली, आता डोकं जरा थंड आहे, म्हणून लिहून ठेवते. हाच विषय घेणारे पुढेही येणार, आणि पहिल्या काही आठवड्यांत जी घुसमट होते ती त्यांची थोडी कमी व्हावी.

जुलै २०२३ मध्ये सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, दिला. त्यात पाच नावं होती: अमेरिका, युरोपीय संघ, जपान, चीन आणि भारत. गाईड सरांनी पहिल्याच भेटीत चीनच्या नावावर बोट ठेवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या औषध मूल्यमापन केंद्राने नॅनो-औषधांसाठी तीन मार्गदर्शक तत्त्वं काढली: दर्जा नियंत्रण, प्राण्यांमधलं फार्माकोकायनेटिक्स (औषध शरीरात कसं फिरतं आणि बाहेर पडतं) आणि प्राण्यांमधली सुरक्षितता. मूळ मजकूर चिनी. सर म्हणाले, “जे मूळ वाचता येत नाही त्याची तुलना करू नकोस, दुसऱ्याच्या सारांशाची तुलना होईल ती.” चीन परिशिष्टात गेला, फक्त तारखांसकट. वाईट वाटलं, पण चारच देश निभावताना पुढे जी दमछाक झाली ती बघता सरांचे उपकारच.

कोणीही जिथून सुरुवात करेल तिथूनच मीही केली: व्याख्या. तक्त्याचा पहिला रकाना, ‘नॅनो म्हणजे काय’. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेत व्याख्या अशी केलेलीच नाही. उत्पादनात १ ते १०० नॅनोमीटर आकाराचं काही मुद्दाम घडवलंय का हे बघा, आणि आकार त्याहून मोठा पण १००० नॅनोमीटरच्या आत असेल, तर आकारामुळे गुणधर्म बदललेत का हे बघा, एवढंच ती सांगते. युरोपीय आयोगाच्या २०११ च्या शिफारशीत मात्र १ ते १०० नॅनोमीटर आणि संख्येने निम्मे किंवा अधिक कण त्या मापात, असा हिशोब आहे. २०२२ मध्ये ती सुधारली. पण ती सगळ्याच पदार्थांसाठी आहे, खास औषधांसाठी नाही. भारताची ‘नॅनोफार्मास्युटिकल्सच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं’ ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधन परिषद आयसीएमआर आणि केंद्राची औषध नियामक संस्था सीडीएससीओ यांनी मिळून केलेली. त्यांत १ ते १००, आणि गुणधर्म बदलत असतील तर १००० पर्यंत.

रकाना भरला, दिसायला छान. मग त्यात प्रत्यक्ष औषधं घालून बघितली. अब्राक्सेन, म्हणजे अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, प्रत्येक पाठ्यपुस्तकात नॅनो-औषधांच्या यादीत वरच्या क्रमांकावर. त्याच्या कणांचा सरासरी आकार साधारण १३० नॅनोमीटर. म्हणजे शंभरची रेघ कडक धरली तर ते बाहेर. तरी एफडीएने २००५ मध्ये आणि युरोपने २००८ मध्ये त्याला मंजुरी देताना रेघेवरून कुणाचं अडलं नाही. शिवाय आकार मोजायचा कसा हा घोळ वेगळाच. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगमध्ये, म्हणजे कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून आकार काढण्याच्या पद्धतीत, मोठ्या कणांचा प्रभाव भलताच वाढतो, कारण विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. एकाच नमुन्याचा ‘प्रकाशाच्या तीव्रतेनुसार’ काढलेला सरासरी आकार आणि ‘संख्येनुसार’ काढलेला आकार वेगवेगळे येतात. तुमच्या तक्त्यात कुठेही नॅनोमीटर लिहाल तर मोजण्याची पद्धत शेजारी लिहाच.

ऑगस्टअखेर माझ्याकडे व्याख्यांचा मोठा तक्ता होता आणि त्यातून एकही प्रश्न सुटत नव्हता. त्या दिवसांत विषय बदलून घ्यावा असं मनात येऊन गेलं. सरांना तक्ता दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “हे असू दे. आता एक औषध धर. ती कुपी घेऊन प्रत्येक देशात जा आणि बघ, तिला कुठल्या खिडकीवर उभं करतात.”

मी पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन धरलं. कारण साधं होतं: त्याची कागदपत्रं भरपूर आहेत. डॉक्सिल या नावाने अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर, युरोपात केलिक्स नावाने १९९६ मध्ये. डॉक्सोरुबिसिन हे जुनं कर्करोगाचं औषध चरबीच्या शंभर नॅनोमीटरच्या आतल्या पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडलेलं, आणि पिशवीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं (पेगचं) आवरण, म्हणून ‘पेगिलेटेड’. खरी मजा मूळ औषधात नाही, त्याच्या नकलेत आहे.

साध्या गोळीची नक्कल म्हणजे जेनेरिक. रेणू तोच, रक्तातली पातळी तीच, झालं काम. लायपोसोमच्या बाबतीत रक्तातली पातळी तीच असली तरी औषध पिशवीत आहे की बाहेर सांडलंय हे त्यातून कळत नाही. बाहेर सांडलेलं औषध हृदयाला त्रास देतं, आतलं गाठीपर्यंत पोचतं. तेव्हा ‘सारखं’ कशाला म्हणायचं, यावर प्रत्येक खिडकीचं उत्तर वेगळं.

अमेरिकेने ही कुपी जेनेरिकच्या खिडकीवरच घेतली. एफडीए बऱ्याच औषधांसाठी, त्यांची नक्कल कशी सिद्ध करायची हे सांगणारं, ‘प्रॉडक्ट-स्पेसिफिक गायडन्स’ काढते. डॉक्सोरुबिसिन लायपोसोमचा तो कागद पहिल्यांदा फेब्रुवारी २०१० मध्ये आला, नंतर सुधारला. थोडीच पानं, पण माझ्या अख्ख्या डेझर्टेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळा वाचलेली. त्यात घटक मूळ औषधासारखेच हवेत, औषध पिशवीत भरायची पद्धतही अमोनियम सल्फेटचीच हवी असं म्हटलंय. अभ्यास निरोगी स्वयंसेवकांवर नाही, रुग्णांवर. रक्तात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, मोकळं डॉक्सोरुबिसिन आणि पिशवीतलं डॉक्सोरुबिसिन, आणि दोन्हींत बायोइक्विव्हॅलन्स, म्हणजे रक्तातली पातळी मूळ औषधाशी जुळते हे, दाखवायचा.

त्याच कागदात गळतीच्या चाचण्यांचा एक तक्ता आहे. पिशवीतून औषध किती गळतं ते ३७ अंशांवर मानवी प्लाझ्मात बघा; मग पीएच ५.५, ६.५ आणि ७.५ वर बघा. मग ४३, ४७, ५२ आणि ५७ अंशांपर्यंत तापवून बघा. आणि कमी वारंवारतेच्या अल्ट्रासाउंडने हलवूनही बघा. प्रत्येक अटीसमोर तिचं कारण दिलंय. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला प्रवास, कमी पीएच म्हणजे कर्कपेशीचा आतला भाग, आणि असंच पुढे. नियामक संस्थेचा कागद इतका विचार करून लिहिलेला असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो वाचल्यावर ‘नॅनो’ शब्दाचा शोध घ्यायचं मी सोडलंच; त्या कागदात सगळा भर पिशवीवर आहे.

युरोपची खिडकी दुसरी. युरोपची औषध नियामक संस्था ईएमए हिने २०१३ मध्ये शिरेतून द्यायच्या लायपोसोमच्या नकलांबद्दल रिफ्लेक्शन पेपर, म्हणजे आपली भूमिका मांडणारा कागद, काढला. त्याचा सूर असा, की रक्तातली पातळी जुळली म्हणून परिणाम जुळेलच असं नाही. प्राण्यांमध्ये औषध कुठल्या अवयवात किती जातं ते दाखवा, रोगप्रतिकार यंत्रणेची कॉम्प्लिमेंट नावाची साखळी चेतवतं का तेही बघा. एकाच औषधाचं पुढे काय झालं हे बघितलं की हा फरक कागदी राहत नाही. भारतातल्या सन फार्माच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला २०११ मध्ये युरोपात नकार मिळाला. मोकळ्या डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत बायोइक्विव्हॅलन्स सिद्ध झाला नाही हा आक्षेपाचा मुद्दा होता. त्याच सुमारास अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएने सनचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सनच्याच लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला जेनेरिक म्हणून मंजुरी दिली. युरोपात अ‍ॅकॉर्ड या दुसऱ्या कंपनीचं झोलस्केटिल २०२२ मध्ये आलं, ‘हायब्रिड’ अर्जाच्या वाटेने. म्हणजे जेनेरिकपेक्षा जास्त पुरावा, नव्या औषधापेक्षा कमी.

हा नकार आणि ही मंजुरी मी एकाच पानावर शेजारीशेजारी चिकटवली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की डेझर्टेशन होणार.

भारताची खिडकी शोधायला मी आधी २०१९ चं नॅनो मार्गदर्शक उघडलं होतं. उत्तर तिथे नव्हतं, त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’मध्ये होतं. नियम २ मधली ‘नवं औषध’ची व्याख्या नीट वाचा. बहुतेक औषधं मंजुरीनंतर चार वर्षांनी ‘नवी’ राहत नाहीत. पण औषध शरीरात पोचवायची नवी प्रणाली, म्हणजे नॉव्हेल ड्रग डिलिव्हरी सिस्टिम, कायमच ‘नवं औषध’ धरली जाते. लायपोसोमची दहावी नक्कल आली तरी ती केंद्राच्या खिडकीवरच जाणार, राज्याच्या औषध प्रशासनाकडे (त्यालाही एफडीएच म्हणतात) सरळ परवाना मागता येणार नाही. नॅनो मार्गदर्शक तत्त्वं ही या नियमांना धरून चालणारी सल्लेवजा चौकट. कायद्याचं बळ नियमांना. हा फरक सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका, व्हायवात हमखास विचारतात.

जपानने मार्च २०१६ मध्ये लायपोसोमसाठी वेगळं मार्गदर्शक काढलंय, आणि पॉलिमर मायसेलवर (पॉलिमरच्या साखळ्यांचे औषध वाहून नेणारे सूक्ष्म गोळे) ईएमएबरोबर संयुक्त रिफ्लेक्शन पेपरही केलाय. पीएमडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेचे बरेच परीक्षण अहवाल इंग्रजीत मिळतात. ते कोरडे आहेत पण फार प्रामाणिक: कंपनीला काय विचारलं, कंपनीने काय सांगितलं, पीएमडीएला ते पटलं का, याच क्रमाने.

डिसेंबरमध्ये मी उलट बाजूने तपासून बघितलं. नक्कल नाही, अगदी नवा रेणू घेतला तर? पॅटिसिरान घेतलं, लिपिड नॅनोपार्टिकलमध्ये, म्हणजे चरबीच्या नॅनोकणात, भरलेलं पहिलं एसआय-आरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) औषध. एफडीएची मंजुरी १० ऑगस्ट २०१८, युरोपची त्याच महिन्यात, जपानची २०१९ मध्ये. म्हणजे नव्या औषधाला सगळीकडे नेहमीच्याच मोठ्या खिडकीवर उभं करतात, आणि तिथे फरक फारसे दिसत नाहीत. देशोदेशीचे मतभेद नकलांपाशी उघडे पडतात. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचं नॅनोकण-औषध बघा: युरोपात रिएन्सो नावाने आलं आणि २०१५ मध्ये मागे घेतलं गेलं, अमेरिकेत २०२१ मध्ये त्याचं जेनेरिकही मंजूर झालं.

एका प्रकरणाने मात्र मला चकवलंच. हाफ्नियम ऑक्साइडच्या नॅनोकणांचं एक उत्पादन, गाठीत टोचून मग रेडिएशन देण्यासाठी. युरोपात त्याला २०१९ मध्ये सीई मार्क, म्हणजे तिथे विकायला लागणारी खूण, मिळाला, तिसऱ्या वर्गातलं वैद्यकीय उपकरण म्हणून. अमेरिकेत तेच उत्पादन औषध म्हणून धरलं जातं. खिडकी सोडा, तेव्हा इमारतच दुसरी होती. याच्यावर वेगळं डेझर्टेशन होईल. कुणी करत असेल तर मला वाचायला आवडेल.

आता दिवस आणि पैसे. या दोन रकान्यांनी जानेवारी खाल्ला. अमेरिकेत मानवी चाचणीचा अर्ज केल्यावर ३० दिवसांत एफडीएने हरकत घेतली नाही तर चाचणी सुरू करता येते. हे कॅलेंडरचे दिवस. भारतात नियमांप्रमाणे ९० कामकाजाचे दिवस, आणि औषधाचा शोध व विकास भारतातला असून ते इथेच बनवून विकायचं असेल तर ३० कामकाजाचे दिवस. तेवढ्यात काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. विक्रीच्या मंजुरीला ईएमएचे २१० दिवस म्हणतात, पण कंपनीला प्रश्न विचारले की घड्याळ थांबतं. पीएमडीएचं साधारण अर्जासाठी १२ महिन्यांचं उद्दिष्ट आहे आणि त्यात कंपनीने उत्तराला घेतलेला वेळही येतो. हे चार आकडे एका रकान्यात घातले तर तक्ता चक्क खोटं बोलतो. मी शेजारी दोन बारीक रकाने वाढवले: ‘कुठले दिवस’ आणि ‘घड्याळ थांबतं का’. एक्स्टर्नलनी, म्हणजे व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, नेमकं तेच पान उघडून विचारलं.

शुल्काचं वर्षही लिहावंच लागतं. अमेरिकेच्या २०२४ या आर्थिक वर्षात क्लिनिकल माहितीसह नव्या औषधाच्या अर्जाचं शुल्क ४०,४८,६९५ डॉलर, जेनेरिकचं २,५२,४५३ डॉलर. दरवर्षी बदलतं, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. भारतात पहिल्या टप्प्याच्या चाचणीच्या अर्जाला ३ लाख रुपये, बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासाला २ लाख. हे नियमांच्या अनुसूचीतच आहे. कुपी कुठल्या खिडकीवर उभी आहे याला अमेरिकेत किती किंमत आहे ते पहिल्या दोन आकड्यांतून दिसतं.

मला स्वतःला खर्च फार आला नाही. नियामक संस्थांचे कागद सगळे फुकट आहेत. पैसे मागतात ती जर्नल्स, आणि तिथले बरेच तुलनात्मक लेख एकमेकांवरूनच उतरवलेले. मूळ कागद वाचा: एफडीएच्या संकेतस्थळावरचे मंजुरी-परीक्षणाचे अहवाल, ईएमएचे ‘ईपार’ म्हणजे मूल्यमापनाचे जाहीर अहवाल आणि नकाराची प्रश्नोत्तरं, सीडीएससीओच्या विषयतज्ज्ञ समितीची इतिवृत्तं. इतिवृत्तात एका अर्जाला चार-पाच ओळीच असतात, तेव्हा त्यातून तर्क जपून काढा.

२०१९ नंतर किती अर्ज ‘नॅनोफार्मास्युटिकल’ म्हणून तपासले गेले हे जाणून घ्यायला मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. ऑनलाइन, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत संपता संपता उत्तर आलं: माहिती अशा स्वरूपात ठेवली जात नाही. पहिलं अपील करता येतं, पण सबमिशन तोंडावर होतं. चिडचिड झाली, मग तेच उत्तर मी प्रकरणात जसंच्या तसं घातलं. नॅनो हे अर्जाचं वेगळं शीर्षकच नसेल तर मोजणार कोण? अर्ज करायचाच असेल तर सिनॉप्सिस मंजूर होताच करा.

आणखी थोडं, जे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक कागद उतरवून घेतल्याची तारीख फाइलच्या नावातच घाला. मार्गदर्शक सूचना गुपचूप बदलतात आणि जुनी आवृत्ती संकेतस्थळावरून नाहीशी होते. मसुदा आणि अंतिम यांची गल्लत करू नका: नॅनोमटेरियल असलेल्या औषधांवरची एफडीएची सूचना डिसेंबर २०१७ मध्ये मसुदा म्हणून आली आणि एप्रिल २०२२ मध्ये अंतिम झाली, तरी कितीतरी लेख अजून मसुद्याचाच हवाला देतात. लायपोसोमवरची अंतिम सूचना एप्रिल २०१८ ची आहे. आणि एफडीएच्या सूचनांच्या पानांवर ‘या बंधनकारक नसलेल्या शिफारशी आहेत’ असं छापलेलं असतं, ते वाक्य सजावटीसाठी नाही. ‘एफडीएने सक्ती केली आहे’ असं लिहिलेलं माझं प्रत्येक वाक्य सरांनी लाल केलं.

व्हायवाला एक्स्टर्नल एका कंपनीत वर्षानुवर्षं रेग्युलेटरीचं काम केलेले होते. त्यांनी व्याख्येचं प्रकरण उघडलंच नाही. पहिलाच प्रश्न: “लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचं जेनेरिक भारतात जेनेरिक आहे का?” मी म्हटलं, “सर, डॉक्टर आणि केमिस्ट तसं म्हणतात, नियमांच्या भाषेत ते नवं औषधच आहे.” ते म्हणाले, “मग अमेरिकेत?” तिथून पुढे जे झालं ती गप्पाच होती. जपानच्या पानावर मात्र मी अडकले, तिथल्या जेनेरिकच्या वाटेबद्दल मी फार थोडं लिहिलं होतं आणि ते त्यांनी बरोबर हेरलं.

तक्ता अर्थातच शिळा व्हायला लागलाय. ७ ऑगस्ट २०२४ ला सीडीएससीओने आदेश काढला: अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मंजूर असलेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट मिळू शकते. प्रकार पाच आहेत: दुर्मिळ आजारांची औषधं, जनुकीय आणि पेशी उपचार, साथीतली नवी औषधं, संरक्षण दलांच्या खास गरजेची औषधं, आणि आजवरच्या उपचारांपेक्षा लक्षणीय प्रगती असलेली औषधं. या यादीत नॅनो नाही. एखादं नॅनो-औषध त्यात बसवायचं तर दुर्मिळ आजाराच्या किंवा लक्षणीय प्रगतीच्या खिडकीवरूनच जावं लागेल. माझ्या फाइलमधल्या भारताच्या ओळीत एवढी भर मी घातली आहे; छापील प्रतीत ती नाही.